स्क्रेपरचे गिऱ्हाईक

चि. भाच्यास,


वेब स्क्रेपर म्हणजे संकेतस्थळाची पाने आपोआप उघडून त्यांतली हवी तेवढी माहिती रकान्यांत भरून देणारा प्रोग्राम. तो लिहायला आता फारसे भांडवल लागत नाही आणि नेमक्या याच कारणाने तो विकणे अवघड झाले आहे. पानातली माहिती वेचणारी ब्यूटिफुल सूप ही लायब्ररी २००४ पासून फुकट मिळते. स्क्रेपी २००८ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. ब्राउझर चालवणारे पपेटिअर गूगलने २०१७ मध्ये आणि प्लेराइट मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये मोफत देऊन टाकले. प्रोग्रामिंग येणाऱ्याच्या हाताशी ही सगळी अवजारे असतात. साधासुधा स्क्रेपर तर आता एआयला सांगूनही लिहून मिळतो. अशा माणसाने आणखी एका स्क्रेपरसाठी खिशात हात का घालावा, याचे उत्तर तयार असल्याशिवाय विक्रीला निघण्यात अर्थ नाही.

तरीही या धंद्यात पैसे देणारे आहेत आणि ते दोन तऱ्हेचे आहेत. पहिला प्रोग्रामर. त्याला कोड नको असतो. कोडभोवतीची कटकट दुसऱ्या कोणीतरी सांभाळलेली हवी असते. ब्लॉक झालेले आयपी पत्ते बदलणे, प्रॉक्सी पुरवणे, सर्व्हरवर शेकडो ब्राउझर एकाच वेळी चालवणे, अडलेले पान पुन्हा मागवणे ही ती कटकट. दुसरा ग्राहक म्हणजे व्यापारी, कंत्राटदार, कंपनीचा खरेदी-विभाग, बाजाराचा अभ्यास करणारी संस्था. त्याला यातले काही ऐकायचेही नसते. सकाळी कामाला बसताना मेलवर एक एक्सेल फाइल आलेली असावी आणि कालपासून काय बदलले ते तिच्यात दिसावे, एवढीच त्याची मागणी असते. दोघांची भाषा वेगळी, परवडणारी किंमत वेगळी, दोघांपर्यंत पोचण्याचा रस्ताही वेगळा. एकच साधन दोघांनाही विकायला निघालेला माणूस बहुधा दोन्हीकडून रिकाम्या हाताने परततो, कारण पहिल्याला ते अपुरे वाटते आणि दुसऱ्याला अवघड.

पहिल्या तऱ्हेच्या ग्राहकाची सर्वांत बोलकी हकिगत फ्रान्समधल्या स्क्रेपिंगबीची आहे. केव्हिन साहिन आणि पिअर द वुल्फ या दोघा मित्रांनी आधी शॉपटूलिस्ट नावाचे साधन केले होते. आवडलेल्या वस्तू यादीत टाकायच्या आणि भाव उतरला की निरोप मिळायचा, अशी ती सोय होती. वापरणारे मिळाले, पण त्यातून कमाई होईना. मग त्यांनी प्राइसिंगबॉट काढले. ऑनलाइन दुकानदारांना प्रतिस्पर्ध्यांचे भाव कळवणारी ही सेवाही चालली नाही. मात्र दोन्ही वेळा त्यांचा सर्वाधिक वेळ एकाच जागी खर्च झाला होता: पाने न अडता मिळवत राहणे. हीच अडचण आपल्यासारख्या इतर प्रोग्रामरांनाही असणार, हे ओळखून २०१९ मध्ये त्यांनी तेवढाच भाग एपीआय म्हणून विकायला काढला. त्याचे पहिले नाव स्क्रेपिंगनिंजा होते, पुढे ते स्क्रेपिंगबी झाले. ग्राहकाने फक्त पत्ता पाठवायचा, पानाचा मजकूर परत मिळतो; पहिल्या हजार विनंत्या फुकट आणि त्यासाठी कार्डाचा नंबरही द्यावा लागत नाही.

या हकिगतीतला महत्त्वाचा भाग मात्र निराळाच आहे. साहिन यांनी कंपनी निघण्याच्या आधीच जावामधून स्क्रेपिंग कसे करावे यावर पुस्तक लिहिले होते आणि पुढे कंपनीचा ग्राहकवर्गही मोठ्या प्रमाणात लेखांतूनच वाढला. अमुक भाषेत स्क्रेपिंग कसे करावे, अमुक त्रुटी का येते, असे प्रश्न प्रोग्रामर रोज गूगलवर टाकत असतात. त्यांचे पूर्ण, प्रामाणिक, चालणाऱ्या कोडसह दिलेले उत्तर वाचून होईपर्यंत वाचकाला कळून चुकते की हे सगळे आपण सांभाळण्यापेक्षा महिन्याला ठरावीक रक्कम देणे स्वस्त पडेल. लेख जितका उपयोगी, तितकी विक्री सोपी. उत्तर अर्धवट ठेवून ‘पुढचे आमच्या साधनात’ असे लिहिणाऱ्यांना हा लाभ होत नाही, कारण प्रोग्रामर अशा लेखावरून लगेच उठतो. मात्र या मार्गाला महिनोन्महिने लागतात आणि तिथे आता ब्राइट डेटा, ऑक्सिलॅब्स, झाइट यांच्यासारख्या मोठ्या कंपन्या ठाण मांडून आहेत. झाइट ही तर स्क्रेपी सांभाळणारीच कंपनी. २०२१ पर्यंत तिचे नाव स्क्रेपिंगहब होते. एकट्याने साधन केलेल्या माणसाने या रांगेत उभे राहण्यापेक्षा दुसऱ्या तऱ्हेच्या ग्राहकाकडे वळावे, हे अधिक शहाणपणाचे.

वळण्याआधी एक गैरसमज दूर व्हायला हवा. भरपूर लोक फुकट वापरू लागले की त्यातले काही आपोआप पैसे देतील, असे गृहीत धरले जाते. किमोनो लॅब्सचे उदाहरण याच्या उलट आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत पानावर माउसने टिचकी मारून स्क्रेपर बनवता येत असे. साधन खरोखर सुंदर होते आणि लाखाहून अधिक लोक ते वापरत होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये पालान्टिर या डेटा-विश्लेषण कंपनीने किमोनो विकत घेतली आणि घोषणेपासून दोनच आठवड्यांत, २९ फेब्रुवारीला, ऑनलाइन सेवा बंद झाली. ज्यांनी आपली कामे तिच्यावर उभी केली होती त्यांना घाईघाईने दुसरी सोय शोधावी लागली. फुकट वापरणाऱ्यांची गर्दी ही मागणीची खूण असते, ऐपतीची नव्हे. आणि ज्याने असे एकदा पोळून घेतले आहे तो ग्राहक पुढच्या विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारतो की उद्या तुम्ही बंद केलेत तर काय. ‘तुमचा सगळा डेटा आणि तो काढणारा कोड तुमच्या हवाली करू’ हे उत्तर करारात लिहून देणाऱ्या छोट्या विक्रेत्यावर मोठ्यापेक्षाही अधिक विश्वास बसू शकतो.

दुसऱ्या तऱ्हेचा ग्राहक शोधण्याची रीत साधी आहे: जिथे आज कोणीतरी हाताने नक्कल करत बसले आहे तिथे जायचे. डेटा एंट्रीसाठी दिलेल्या जाहिराती, अपवर्क किंवा फायव्हरवर ‘या स्थळावरून यादी काढून द्या’ अशा मागण्या, कार्यालयातला तो मुलगा जो रोज तीच दहा पाने उघडून आकडे एक्सेलमध्ये भरतो, या सगळ्या जागी पैसे आधीच खर्च होत आहेत. नवी गरज पटवून देण्याची गरज तिथे पडत नाही. खर्च होणाऱ्या पगारातला किंवा वेळेतला भाग आपल्याकडे वळवायचा असतो, एवढेच.

महाराष्ट्रात असे क्षेत्र शोधायचे तर सरकारी निविदांपासून सुरुवात करावी. राज्याच्या निविदा महाटेंडर्सवर येतात, केंद्राच्या केंद्रीय पोर्टलवर, वस्तूंची खरेदी २०१६ पासून जेम पोर्टलवर. रेल्वे, संरक्षण खाते, सार्वजनिक कंपन्या यांचे मार्ग आणखी निराळे. सांगली किंवा नांदेडच्या एखाद्या छोट्या कंत्राटदाराला यातल्या पाच-सहा ठिकाणी रोज नजर ठेवावी लागते. एखादी निविदा नजरेतून सुटली तर पुढच्या काही महिन्यांचे काम हातचे जाते. म्हणूनच निविदा कळवणाऱ्या सेवांना भारतात वर्षानुवर्षे वर्गणीदार मिळत आले आहेत. मोठ्या सेवा सगळ्यांना सगळे पाठवतात. नव्या माणसाला जागा आहे ती अरुंद गल्लीत: फक्त पाणीपुरवठ्याची कामे, फक्त सौर पंप, फक्त रुग्णालयांची उपकरणे. आणि नुसती यादी न देता अनामत रक्कम, पात्रतेची अट, शेवटची तारीख आणि शुद्धिपत्रक निघाले असल्यास त्यातला बदल वेगळा दाखवायचा. शुद्धिपत्रकाने तारीख बदलली हे वेळेत कळणे ही एकच गोष्ट कित्येकांना वर्षभराची वर्गणी द्यायला पुरेशी वाटते.

दुसरे क्षेत्र महारेराचे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचे किंवा आठांहून जास्त सदनिकांचे प्रकल्प नोंदवावे लागतात आणि विकसकाला दर तिमाहीला प्रगतीची माहिती संकेतस्थळावर भरावी लागते. घर घेणारा आयुष्यात एक-दोनदा हे पाहतो. त्याच्याकडून वर्गणी मिळणार नाही. पण लिफ्ट, टाइल्स, खिडक्या, रंग पुरवणाऱ्याला कोणत्या तालुक्यात कोणता प्रकल्प कोणत्या टप्प्यावर आहे हे दर महिन्याला हवे असते. पाया झालेल्या इमारतीला लिफ्टवाला लागतो आणि स्लॅब संपत आलेल्या इमारतीला टाइल्सवाला. त्याच सार्वजनिक नोंदी, पण टप्प्यानुसार चाळून दिल्या की त्यांना किंमत येते.

याच्या उलट शेतमालाच्या भावांचे. लासलगावचा कांदा, लातूरचे सोयाबीन, जळगावची केळी यांचे दर ॲगमार्कनेटवर आणि पुण्याच्या राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोज मिळतात. केंद्राच्या खुल्या डेटाच्या पोर्टलवरूनही ते घेता येतात. ज्याच्या कामाला ते सर्वांत जास्त येतात त्या शेतकऱ्याकडून त्यासाठी पैसे मागणे परवडणारे नाही आणि योग्यही नाही. वर ते आधीच नीट मांडलेले आहेत. जे फुकट आणि सुटसुटीत आहे ते विकले जात नाही. जे खुले असूनही विखुरलेले, बेढब आणि रोज बदलणारे आहे ते विकले जाते. पीडीएफमध्ये अडकलेले, प्रत्येक जिल्ह्याच्या संकेतस्थळावर निराळ्या रचनेत असलेले, जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेले असे जितके अडथळे, तितके मोल अधिक. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणणे आणि एकाच गावाची वेगवेगळी लेखने जुळवणे हे काम मराठी जाणणाराच नीट करतो. बाहेरची मोठी कंपनी एवढ्या छोट्या बाजारासाठी त्यात शिरत नाही, म्हणून इथे एकट्या माणसाचा निभाव लागतो.

पहिली विक्री साधन दाखवून होत नाही, नमुना दाखवून होते. ज्याला विकायचे आहे त्याच्या कामाची, त्याच्या तालुक्याची, गेल्या आठवड्याची पन्नास ओळींची फाइल आधी पाठवावी. ती हाताने तयार केली तरी चालते. त्यानंतरच्या भेटीत ‘हे साधन आवडेल का’ असे विचारले तर सभ्य माणूस ‘हो, छान आहे’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. विचारायचे ते असे: हे काम सध्या कोण करते, किती वेळ जातो, मागे काही निसटले होते का, निसटल्यावर काय झाले, या फाइलचे पुढे काय करता. शेवटच्या प्रश्नाला सर्वाधिक वजन आहे. फाइल टॅलीत जाते, गूगल शीटमध्ये जाते की साहेबांच्या टेबलावर छापून जाते, यावर तिची रचना ठरते. नव्या उद्योगांना भांडवल देणाऱ्या वाय कॉम्बिनेटरचे पॉल ग्रॅहम यांनी २०१३ च्या एका निबंधात नव्या उद्योगांना सुरुवातीची कामे मोठ्या प्रमाणावर न पेलणाऱ्या रीतीने, हातानेच करायला सांगितले होते. स्क्रेपिंगच्या धंद्याला हा सल्ला तंतोतंत लागू पडतो. पहिल्या चार-पाच ग्राहकांसाठी डॅशबोर्ड, लॉगिन, रंगीत आलेख यांतले काही लागत नाही. मेलवर वेळेत येणारी बरोबर फाइल लागते.

आणि पहिल्या महिन्याचे पैसे आधी मागावेत. रक्कम लहान असली तरी चालेल. पैसे देणारा माणूस चुका कळवतो, रकाना वाढवून मागतो, फाइल उशिरा आली तर फोन करतो. फुकट घेणारा गप्प राहतो आणि त्याच्या गप्प राहण्यातून काहीही शिकायला मिळत नाही. ओळखीपाळखीत पैसे मागायचा संकोच आपल्याकडे मोठा असतो. या कामात तो सोडावाच लागतो, कारण सेवा फुकट दिली तर ती टिकत नाही आणि न टिकणारी सेवा ओळखीच्या माणसालाच सर्वांत आधी अडचणीत आणते.

किंमत ठरवताना कोड लिहायला लागलेला वेळ मोजू नये. तो एकदाच लागतो. मोजायचा तो चालू ठेवण्याचा खर्च. समजा रोज दहा हजार पाने घ्यायची आहेत आणि पूर्ण ब्राउझरमध्ये चित्रांसह उघडलेले एक पान २ एमबीचे आहे. म्हणजे रोज २० जीबी. घरगुती आयपींची प्रॉक्सी जीबीच्या दराने मिळते. तो दर ४ डॉलर धरला तर रोजचे ८० डॉलर नुसते प्रॉक्सीवर गेले. तेच पान चित्रे वगळून, फक्त मजकूर मागवला आणि ते १०० केबीत बसले तर दिवसाला १ जीबी, म्हणजे ४ डॉलर. सरकारी स्थळासाठी बहुतेकदा प्रॉक्सीही लागत नाही, सावकाश मागितले की पुरते. बदललेलीच पाने घेतली तर आकडा आणखी खाली येतो. हा हिशेब मांडल्याशिवाय दर सांगणारे कित्येक जण ग्राहक वाढले की तोट्यात जातात. ‘एकदाच पैसे द्या, जन्मभर वापरा’ अशी योजना तर स्क्रेपिंगला मुळीच सोसत नाही: उत्पन्न एकदा आणि खर्च कायमचा.

खर्चाचा दुसरा, न दिसणारा भाग म्हणजे मोडतोड. संकेतस्थळाची रचना बदलली की स्क्रेपर थांबतो, किंवा त्याहून वाईट, न थांबता चुकीचे भरत राहतो. दहा स्थळांवर नजर ठेवायची तर दुरुस्तीचे काम अधूनमधून नव्हे, सततच असणार. ग्राहक वास्तविक या दुरुस्तीचेच पैसे देत असतो. म्हणून दर पानांच्या संख्येवर न लावता स्रोतांची संख्या आणि किती वेळा ताजे करायचे यांवर लावावा. व्यापाऱ्याला ‘क्रेडिट’ आणि ‘विनंत्या’ कळत नाहीत. ‘सहा पोर्टल, रोज सकाळी, महिन्याला इतके’ हे चटकन कळते.

वसुलीची व्यवस्थाही आधी लावलेली बरी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून दरमहा आपोआप कापून घ्यायच्या रकमेसाठी ग्राहकाची आगाऊ नोंदणी लागते आणि प्रत्येक कपातीपूर्वी त्याला सूचना जाते. २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतची अशी कपात दर वेळी ओटीपी न घेता होऊ शकते. तरीही लहान उद्योगाला आपोआप कापले जाणे रुचत नाही. वर्षाचे बिल, जीएसटीसह, बँकेत भरणा, ही त्याच्या सवयीची रीत आहे आणि विक्रेत्यालाही तीच सोयीची, कारण दरमहा ‘चालू ठेवू की बंद करू’ हा प्रश्न उभा राहत नाही. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा सक्तीची नसते, पण कंपन्यांना नोंदणीकृत बिल हवे असते कारण भरलेला कर त्यांना वळता करून घेता येतो. परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा निर्यातीत धरली जाते आणि हमीपत्र भरून कर न लावता बिल करता येते. तिकडच्या देशांचे विक्रीकर सांभाळायचे नसतील तर स्वतः विक्रेता म्हणून उभ्या राहणाऱ्या पॅडलसारख्या कंपन्या आपले कमिशन घेऊन ते काम करतात.

प्राग शहरातल्या ॲपिफाय या स्क्रेपिंग कंपनीच्या ऑनलाइन बाजारातही स्वतःचे स्क्रेपर मांडता येतात. तिथे सर्व्हर, प्रॉक्सी, वसुली सगळे त्यांचे. विकणाऱ्याला त्यांचा वाटा आणि खर्च वजा जाता पैसे मिळतात. शिकण्यासाठी ही जागा चांगली आहे. कोणत्या स्थळाचा स्क्रेपर किती लोक वापरतात हे उघड दिसत असल्याने मागणीचा अंदाज येतो. पण ग्राहक ॲपिफायचा राहतो आणि शेजारी तेच साधन कोणीतरी स्वस्तात मांडतो. ब्राउझरचे एक्स्टेन्शन बनवले तर सर्व्हरचा खर्च जवळपास शून्यावर येतो, कारण पाने ग्राहकाच्याच संगणकावर उघडतात. तिथे वसुली मात्र स्वतःच उभी करावी लागते. क्रोम वेब स्टोअरची पैसे घेण्याची सोय गूगलने २०२१ च्या सुरुवातीला बंद केली.

ग्राहक शोधताना कायद्याकडे पाठ फिरवता येत नाही, कारण कोणता ग्राहक घ्यावा हे बरेचसे तिथेच ठरते. अमेरिकेत २००० साली ईबेने बिडर्स एज या लिलावांची एकत्र यादी देणाऱ्या कंपनीविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. आपल्या सर्व्हरचा परवानगीशिवाय वापर होतो, हे त्यामागचे म्हणणे होते. त्यानंतरचा मोठा वाद हायक्यू आणि लिंक्डइनचा. कर्मचारी नोकरी सोडण्याच्या बेतात आहेत का, हे लिंक्डइनवरच्या सार्वजनिक माहितीवरून कंपन्यांना सांगणे हा हायक्यूचा धंदा. २०१७ मध्ये लिंक्डइनने तिला रोखले. वरच्या न्यायालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये, सर्वांना खुली असलेली पाने वाचणे हे संगणकात घुसखोरी करणे ठरण्याची शक्यता कमी आहे, असा कौल दिला. तरीही २०२२ च्या अखेरीस वापराच्या अटी मोडल्याच्या मुद्द्यावर हायक्यूला ५ लाख डॉलरचा निवाडा मान्य करावा लागला. कंपनी तोवर संपलेलीच होती. न्यायालयात अर्धे जिंकूनही धंदा बुडाला, कारण सगळा माल एकाच दारातून येत होता. २०२४ मध्ये मेटाविरुद्ध ब्राइट डेटाच्या बाजूने निकाल लागला. त्यातला कळीचा भाग हा की लॉगिन न करता वाचलेल्या पानांना खातेदारावर बंधनकारक असलेल्या अटी लागू होत नाहीत.

हे निकाल अमेरिकेतले आहेत. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ मालकाच्या परवानगीविना संगणकातून माहिती उतरवून घेणे किंवा तिची नक्कल करणे याला नुकसानभरपाईस पात्र ठरवते; त्याची भाषा व्यापक आहे. म्हणून लॉगिनच्या आड असलेले काहीही घेऊ नये. कॅप्चा जिथे आहे तिथे ‘यंत्राने येऊ नये’ असेच स्थळाचा मालक सांगत असतो. तेवढे काम माणसाने करावे आणि त्याचा पगार किमतीत धरावा. यंत्रांनी कुठे जाऊ नये हे सांगणारी रोबोट्स फाइल १९९४ पासून रूढ आहे आणि २०२२ मध्ये तिचे प्रमाणित रूपही झाले. ती वाचणारा स्क्रेपर लिहायला अवघड नाही. तालुक्याच्या कचेरीचा सर्व्हर मुळातच धापा टाकत असतो. त्याच्यावर सेकंदाला पन्नास विनंत्या सोडल्या तर दाखला काढायला आलेल्या माणसाचे पान उघडत नाही. रात्री, सावकाश, ओळख आणि संपर्क स्पष्ट लिहून मागणी करणे हा इथला किमान शिष्टाचार आहे.

सर्वांत जास्त मागणी ज्या गोष्टीची येते तिलाच नकार द्यावा लागतो, आणि ती म्हणजे माणसांच्या फोन नंबरांची यादी. ‘पुण्यातल्या सगळ्या डॉक्टरांचे मोबाइल’, ‘नव्या गाडीमालकांचे नंबर’ अशा विचारणा पहिल्याच आठवड्यात येतात आणि विचारणारे पैसेही लगेच देऊ करतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. माणसाने स्वतः किंवा कायद्याने बंधनकारक म्हणून दुसऱ्याने जाहीर केलेल्या माहितीला त्यात सूट असली तरी इतर कोणी जाहीर केलेली माहिती त्या सुटीत बसत नाही. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी ज्याचा नंबर विकला जातो त्याला त्याचा उपद्रवच होतो, आणि अशा यादीचा ग्राहक एकदाच येतो. निविदा, प्रकल्प, वस्तूंचे भाव, वेळापत्रके ही वस्तूंची आणि संस्थांची माहिती. ती ग्राहकाला दर महिन्याला लागते. इथे सचोटी आणि फायदा एकाच बाजूला आहेत.

ग्राहक मिळाल्यावर तो टिकवणे हे तपासणीवर अवलंबून आहे. रोजच्या फाइलमध्ये ओळींची संख्या नेहमीपेक्षा एकदम घटली का, एखादा रकाना रिकामा येऊ लागला का, तारखा उलटसुलट झाल्या का, किमतीच्या जागी मजकूर आला का, या चाचण्या स्क्रेपरइतक्याच मनापासून लिहाव्या लागतात. चूक आढळली तर फाइल थांबवून ‘आज अमुक पोर्टल बंद आहे, बाकीची पाच पूर्ण आहेत’ असा निरोप ठरल्या वेळेला जायला हवा. उशीर ग्राहक सहन करतो. चुकीच्या तारखेवर विसंबून निविदा हुकली तर तो परत येत नाही आणि चार जणांना सांगतो. कंत्राटदारांच्या, पुरवठादारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी झटक्यात फिरते. चांगली बातमीही तशीच फिरते, आणि पहिल्या पाच ग्राहकांनंतरचे बहुतेक ग्राहक याच वाटेने येतात. पुण्याच्या मराठा चेंबरसारख्या उद्योगसंघटनांच्या सभासदांपर्यंत पोचायचे म्हटले तरी ओळख करून देणारा एक समाधानी सभासद लागतो.

काही ग्राहक सोडून जाणारच, आणि त्यांचे दोन प्रकार वेगळे ओळखावेत. ज्याची गरजच एकदाची होती, उदाहरणार्थ संशोधनासाठी पाच वर्षांचा जुना डेटा, त्याला वर्गणी लावूच नये. एकरकमी भाव सांगून काम पुरे करावे. ज्याची गरज कायम आहे आणि तरीही तो गेला, त्याला मात्र फोन करून कारण विचारावे. बहुतेकदा फाइल उघडणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो आणि नव्याला ती कशासाठी येते हेच माहीत नसते. म्हणून प्रत्येक कार्यालयात किमान दोन जणांच्या मेलवर ती जात असावी.

कधी तरी स्रोतच स्वतःचा एपीआय देऊ लागतो, किंवा दार पूर्ण बंद करतो. जुलै २०२५ पासून क्लाउडफ्लेअरने नव्या स्थळांवर एआयसाठी मजकूर उचलणारे बॉट आपसूक अडवायला सुरुवात केली आणि दर खेपेला पैसे आकारण्याची सोयही आणली. अशा भिंती वाढतच जाणार. एपीआय मिळाला तर तो लगेच स्वीकारावा. स्क्रेपर टाकून द्यावा लागला तरी चाळणी, जुळवणी, तपासणी आणि ठरल्या वेळेची फाइल हे काम तसेच उरते आणि वर्गणी कमी करण्याचे कारण पडत नाही. दार बंद झाले तर ग्राहकाला त्याच दिवशी कळवून त्या स्रोताचे उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करावेत, आतापर्यंतच्या सर्व नोंदी त्याच्या स्वाधीन कराव्यात आणि उरलेल्या स्रोतांवर नवा दर सांगावा.

तुझा,
मामा